सपाट आवाजातलं अंतराळ

ताई गेल्यावर पंधरवड्याच्या आतच ती कामावर हजर झाली. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, हे तिचं काम. त्या वेळी एका अंतराळवीर बाईच्या अनुभवांचं जाडजूड पुस्तक तिच्या वाट्याला आलं होतं. ते अर्धं वाचून झालं होतं आणि तेवढ्यात ताई भाजी निवडता निवडता खुर्चीतच कलंडली होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. घरात रडारड झाली, पण हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आल्यागेल्याला ती चहा देत राहिली.

"मोठी धीराची आहे हो," एक काकू तिच्यादेखत दुसरीला म्हणाल्या.

धीर वगैरे काही नव्हता. आत काही घडतच नव्हतं, इतकंच.

स्टुडिओत काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं, "आवाज आधीसारखा लागेल ना? नाहीतर जोड कळेल."

"बघू."

वर पोचल्यावर पहिले काही दिवस कुणी पृथ्वीचं कौतुक करत बसत नाही, सगळे उलट्या करत असतात, असं बाईंनी लिहिलं होतं. चेहरे सुजतात, पाय काटकुळे होतात. रेकॉर्डिस्ट पोट धरून हसला. ती पुढे वाचत राहिली. मग खिडकीचं प्रकरण आलं. सरहद्दी दिसत नाहीत हे सगळेच सांगतात, पण बाईंना आधी दिसली ती धूळ, वाळवंटावरून उठून समुद्रावर सांडत चाललेली.

"इथे जरा भारावून वाच ना," तो म्हणाला. "बाई पहिल्यांदाच पृथ्वी बघतायत."

तिने पुन्हा वाचलं. परत एकदा वाचलं. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे, पहिलंच ठेवू. सपाट आहे, पण खोटं वाटत नाही."

त्याच संध्याकाळी भावोजींचा फोन आला. दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की लग्न ठरलं तेव्हा भावोजी फोनवर बराच वेळ हिच्याशीच गोड गोड बोलले होते, आणि या बयेनेही त्यांना खुशाल बोलू दिलं होतं. आता ते अडखळत होते.

"राग मानू नकोस. थोडे दिवस फोन करू नकोस. तू बोललीस की ठकी धावत येते. मग आई नाही, मावशी आहे म्हटलं की जेवतच नाही. आणि खरं सांगू, मलाही..."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही हो."

खरंच राग आला नव्हता. फोन ठेवून तिने भांडी घासली आणि मग तीच भांडी पुन्हा घासली.

पुस्तक ऐकायला उपलब्ध झालं. तिने ते ऐकलं नाही. पुढे दुसरी कामं आली, तीही तिने केली. मग एका रविवारी सकाळी भावोजींचा निरोप आला, घरी येऊन जा.

दार त्यांनीच उघडलं. हळूच म्हणाले, "शाळेत ग्रहांचा धडा चालू आहे. वर्गाच्या बाईंनी एक पुस्तक ऐकायला सांगितलं. मला काय माहीत, तू वाचलंयस! बंद करायला गेलो तर ठकी कडकडून चावली मला."

जेवणाच्या टेबलाखाली ठकी उताणी पडली होती. बाजूला मोबाइल ठेवलेला. त्यातून हिचाच आवाज सांगत होता, की अंतराळात झोपताना पिशवी भिंतीला बांधावी लागते आणि झोप लागली की हात आपोआप वर तरंगतात. ठकीने दोन्ही हात वर धरले होते.

ती वाकून आत शिरली आणि टेबलाच्या पायाला टेकून बसली.

"ही आई नाहीये, मला माहितेय," ठकी म्हणाली.

"कशावरून?"

"आई उपगृह म्हणायची. तू नीट उपग्रह म्हणतेस."

"शाळेत असताना मी तिला त्यावरून फार चिडवायचे."

"मग?"

"मग काय, बदडायची मला."

ठकी खुदकन हसली. मग हात खाली घेऊन म्हणाली, "बाबा म्हणतात आई वरून बघते. वरून माणूस दिसतं?"

पुस्तक तिने अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. खोटं बोलणं जिवावर आलं. "नाही गं. शेतांचे चौकोन दिसतात. शहरांचे दिवे दिसतात. माणूस नाही दिसत."

"मला वाटलंच," ठकी म्हणाली. तिचा चेहरा पडला नाही. उलट कुणीतरी सरळ सांगितलं म्हणून ती जरा सैलावल्यासारखी वाटली.

भावोजींनी वाकून चहाचा कप आत सरकवला. त्यात साखर भरमसाट होती.

"फोन करत जा आता," ते म्हणाले.

"बरं."

ठकी कुशीवर वळली तेव्हा तिच्या डोक्यामागचा गुंता दिसला. केसांच्या नुसत्या जटा झाल्या होत्या. भावोजींना वरवर फणी फिरवण्यापलीकडे काही जमत नसावं. तिने फणी मागून घेतली, ठकीचं डोकं मांडीवर ओढलं आणि खालच्या टोकापासून एकेक बट सोडवायला लागली. मोबाइल आपला बोलतच होता. यानाची दुरुस्ती चालली होती, कुठलासा बोल्ट हातून सुटून अंतराळात निघून गेला होता.

"हळू ना, मावशी."

"हळूच करतेय," ती म्हणाली, आणि पुढची बट हातात घेतली.