हात वर करायचा हक्क

आमचे बाबा हरवलेत, असं राज्याच्या बेवारस मालमत्ता कार्यालयातली बाई फोनवर मला सांगत होती आणि बाबा माझ्यासमोर बसून कोबीचं सूप भुरकत होते.

"अहो, हा माणूस पन्नास वर्षं याच घरात राहतोय! हरवेल कुठं?"

"तीन वर्षं त्यांनी गिरणीच्या शेअरवरच्या डिव्हिडंडचा एकही चेक वटवला नाही, मॅडम. पत्रालाही उत्तर नाही. मग कायद्यानं शेअर राज्याकडे येतात."

"मग परत द्या. गुरुवारी सभा आहे."

"शेअर विकले. पैसे मिळतील. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, नोटरीची सही..."

"पैसे नकोत हो! त्यांना मत द्यायचंय!"

एक बाहेरचा धनाढ्य आमची कागद गिरणी घेऊन बंद करणार होता. गुरुवारी भागधारकांचं मतदान. बाबांनी तिथं उभा जन्म काढला, त्यांना विरोधात हात वर करायचा होता.

"विकले कुणाला?"

"बाजारात, मॅडम."

बाजारात तेव्हा गिरणीचे शेअर गोळा करायला कोण झोळी पसरून बसला होता, ते आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी फोन आपटला.

"चेक का नाही वटवलेत?"

"गिरणी अडचणीत होती, बर्निस. आम्ही युनियनच्या हॉलमध्ये सगळ्यांनी ठरवलं, पैसे तिथंच राहू देत. मशीनला लागतील."

"आणि पत्र?"

"मला वाटलं जाहिरात. टाकलं."

मी कपाळावर हात मारला. असल्या भोळेपणाला काय म्हणावं? मला रडूही येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

गुरुवारी बाबा रविवारी चर्चला घालायचा कोट चढवून निघालेच. सभेच्या दारावरच्या माणसानं यादी पाहिली, नकारार्थी मान हलवली. बाहेर हिरवळीवर बाबांचे गिरणीतले जुने सोबती झिगमंटकाका उभे होते, त्यांच्यामागे आणखी वीसेक म्हातारे, सगळे कोटात. सगळ्यांनी मशीनला पैसे ठेवले होते.

खिडकीतून आतलं दिसत होतं. अध्यक्षांनी विचारलं, विरोधात कोण? आत चार हात वर झाले. बाबांनी बाहेर हात वर केला. मग झिगमंटकाकांनी, मग सगळ्यांनीच.

आतले मोजून केव्हाच झाले. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले.

"बाबा, खाली घ्या आता. खांदा दुखेल."

"थांब गं," ते म्हणाले. "आमचे अजून मोजले नाहीत."