चौऱ्याण्णवचे नव्व्याण्णव

वाचनालयाच्या दाराशेजारी बसवायचा दगड इतकी वर्षं गोदामात धूळ खात पडला होता, आणि आता कंत्राटदार तो फोडायला निघाला होता. त्यावर वर्ष कोरलेलं होतं: MCMXCIV, म्हणजे एकोणीसशे चौऱ्याण्णव. इमारत त्या वर्षी पुरी व्हायची होती. काम रखडलं ते रखडलंच, आणि उद्घाटनाला नव्व्याण्णव साल उजाडलं.

पाथरवटाची लेक दगडापुढे येऊन उभी राहिली. बाबांनी कोरलेला हा शेवटचा दगड. त्यानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि छिन्नी तिच्याकडे आली.

"ताई, मशीनवाल्याला नवा दगड सांगितलाय. याची खडी करू," कंत्राटदार म्हणाला.

"हात लावून तर बघा! उद्यापर्यंत थांबा. मी याचेच नव्व्याण्णव करून देते."

"अहो, कोरलेलं खोडणार कसं? फार तर पुढे पाच दांड्या ओढा. चौऱ्याण्णव अधिक पाच!"

"म्हणजे लोकांना वाटेल, कुंपण काढलंय."

तो हसला, पण उद्यापर्यंत थांबायला कबूल झाला.

ती दगडासमोर फतकल मारून बसली. पुसायचं काहीच नाही, नुसती भर घालायची. शेवटच्या IV मध्ये पाच मिळवायचे. तिने खडूने फरशीवर IVV लिहिलं आणि स्वतःवरच वैतागली. असला आकडा कुठे असतो का? दोन V मिळून X होतो. डावीकडचा I जागच्या जागी राहिला की झाले IX, नऊ. हिशेब सोपा होता. पण दगडातला V हलवून तिथे X आणायचा कुठून?

तिने मिळवायचा V पुसला आणि उलटा करून पहिल्याच्या खाली काढला. टोकाला टोक भिडलं. समोर X उभा होता!

तो ओळीच्या खाली उतरत होता खरा. पण बाबा दगडाच्या तळाशी नेहमीच ऐसपैस जागा सोडायचे. अक्षरांना पाय पसरायला जागा हवी, म्हणायचे, आणि आई त्यांना त्यावरून चिडवायची. तिने छिन्नीला धार लावली. एक टवका चुकीचा उडाला की खेळ खलास. दात-ओठ खात, रेघेला रेघ जोडत ती खाली उतरत गेली.

"X खाली लोंबतोय, ताई," दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने मान तिरकी करून पाहिलं.

"लोंबू दे. इतकी वर्षं तुमचं काम लोंबलं, ते चाललं ना?"

त्याने मशीनवाल्याला फोन लावून नवा दगड नको म्हणून कळवलं.

दगड बसला त्या दिवशी ती बाबांना घेऊन आली. त्यांनी डाव्या हाताचं बोट X च्या वरच्या टोकात ठेवलं आणि खोबणीतून सावकाश खाली नेलं. परत वर आणलं.

"माझं कुठे संपलं गं?"

"शोधा की तुम्हीच."

त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. डोळे मिटून आणखी एकदा.

"नाही बुवा सापडत," ते म्हणाले, आणि हरल्याचा इतका आनंद तिने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.