खिडकीकडे वळलेला कॅमेरा

स्टोक्केवोगच्या धक्क्यावरचा कॅमेरा बिघडला, असा एइलिफचा फोन आला तेव्हा योरुनला आधी कंटाळाच आला. फेरीबोट पकडायची, वाऱ्यात खांबाशी कुडकुडत उभं राहायचं, आणि आताशा त्या गावात तिला जरा अवघडल्यासारखंही व्हायचं. या हिवाळ्याच्या तोंडावर तिथं जे झालं त्यात आपला काही हात नव्हता, असं ती स्वतःला सांगत असे. आपण तंत्रज्ञ. विचारलं तेवढं सांगितलं.

झालं होतं ते असं. बोटींची इंजिनं चोरीला जाऊ लागली म्हणून धक्क्याच्या टोकाला खांबावर फिरता कॅमेरा योरुननंच बसवला होता. तो वळवायची कांडी बंदराच्या कचेरीत, आणि कचेरी सिव्हर्टच्या ताब्यात. सिव्हर्ट म्हणजे बंदराचा राखणदार. सत्तरीला टेकलेला, मोजकं बोलणारा, कोणाच्या बोटीची दोरी सैल दिसली तर न सांगता आवळून येणारा. थंडी पडू लागली आणि एका संध्याकाळी धक्क्यासमोर राहणाऱ्या मालफ्रिदला न्हाणीघरातून बाहेर येताना खिडकीबाहेर कॅमेऱ्याचे लालसर दिवे दिसले, थेट तिच्यावर रोखलेले. काही दिवसांनी पुन्हा तेच. एकटी राहणारी बाई. आधी घाबरली, मग चिडली आणि तडक बंदर समितीच्या अध्यक्षाकडे, एइलिफकडे गेली.

समितीनं योरुनला बोलावलं. नेमकी त्या दिवशी हवा नरम होती, पाऊस पिरपिरत होता. कॅमेरा डावीकडे वळला, उजवीकडे वळला, सांगितलं तिथं मुकाट्यानं थांबला. मासेमारांच्या सभागृहात, सगळ्या गावासमोर एइलिफनं विचारलं, "हा आपसूक वळू शकतो का गं?"

"कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं नसतं," योरुन म्हणाली. "कोणी वळवला तरच वळतो."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सिव्हर्ट उभा राहिला. "संध्याकाळी कधीकधी पडद्यावरचं चित्र जातं," तो म्हणाला. "मग येतं. मी हातसुद्धा लावत नाही."

"कोपर लागत असेल चुकून," योरुन म्हणाली.

या खेपेला सगळेच हसले. सिव्हर्टनं खिशातून कचेरीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, टोपी घातली आणि तो निघून गेला. त्यानंतर तो बंदरावर फिरकला नाही.

आता जानेवारी होता. मधले आठवडे हवा नरमच राहिली होती, खरा कडाका कालपासून पडला होता. योरुन फेरीतून उतरली तेव्हा दुपार नुकती कलली होती, तरी उजेड संपत आला होता. गारठा असा की श्वासागणिक नाकात काटे रुतावेत. एइलिफ मासळीच्या गोदामात गुंतला होता. खांबाच्या पायथ्याशी तारांची पेटी होती, तिची किल्ली त्यानं लांबूनच तिच्याकडे फेकली. "चित्र सारखं जातंय. बघ बाई काय ते."

ती पेटी उघडत होती तोच मालफ्रिद घरातून थर्मास घेऊन आली.

"कॉफी घे. त्या वेळी तू ठामपणे बोललीस म्हणून बरं. नाहीतर लोक मलाच वेडी ठरवायला निघाले होते."

योरुन हसली, घोटभर प्यायली आणि तारांना मीटर लावला. विजेचा दाब जरा कमी वाटत होता, पण कॅमेरा चालू होता. सूर्य डोंगराआड गेला तशी थंडी आणखी चावू लागली. वर कॅमेऱ्यात काहीतरी खट्ट वाजलं. त्याच्या आतली शेगडी सुरू झाली होती, काचेवर बर्फ धरू नये म्हणून असते ती. त्यासरशी मीटरवरचा आकडा घसरगुंडीवरून सुटल्यासारखा खाली आला. लाल दिवे विझले.

"मेला!" मालफ्रिद म्हणाली.

भार सुटताच आकडा पुन्हा वर चढला. कॅमेरा जागा झाला. त्यानं दचकून उठल्यासारखी मान गरागरा फिरवली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि तो थांबला. दिवे पेटले.

मालफ्रिदनं तो पाहत होता त्या दिशेला पाहिलं. समोर तिच्याच घराची खिडकी होती.

"वळवायची कांडी कोणाकडे आहे?" योरुननं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"कपाटात, कुलपात. सिव्हर्ट गेल्यापासून. किल्ली एइलिफकडे, आणि एइलिफ तो काय समोर मासळी तोलतोय."

योरुन मीटर हातात धरून तशीच उभी राहिली. तिला आता सगळं लख्ख दिसत होतं. बसवायच्या दिवशी जाड तार पुरली नव्हती. कचेरीपासून खांब लांब, फेरीची वेळ झालेली. तिनं हाताशी होती ती बारीक तार ओढली होती, नंतर बदलू म्हणून, आणि ते नंतर कधी आलंच नव्हतं. उन्हाळ्यात भागलं. कडाक्याची थंडी पडली की शेगडी पेटायची, बारीक तारेतून तेवढी वीज पोचायची नाही, कॅमेरा बंद पडायचा. उठला की आपल्या मूळ दिशेला तोंड करायचा. ती दिशा समुद्राकडे लावून ठेवणंही तिचंच काम होतं. तेही तिनं केलं नव्हतं.

एवढ्या थंडीतही तिचे कान तापले.

"म्हणजे सिव्हर्टनं..." मालफ्रिदला पुढे बोलवेना.

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. चूक माझ्या तारेची आहे."

मालफ्रिद धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर मटकन बसली. "मी दुकानात बोर्गिलशी बोलणं टाकलं गं. त्याच्या बायकोशी. ती समोर आली की पाठ फिरवायची मी."

एइलिफनं सगळं ऐकून घेतलं आणि आजूबाजूला पाहत आवाज खाली आणला. "तार बदल आणि गप्प बस. गाडलेलं मढं कशाला उकरतेस? म्हातारा नाहीतरी थकलाच होता. आणि यात तुझीही शोभा, आमचीही."

क्षणभर योरुनच्या छातीवरचं ओझं खरंच उतरलं. आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला मग जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती जाड तार घेऊन आली. तार बदलली, कॅमेऱ्याची मूळ दिशा समुद्राकडे लावली, शेगडी मुद्दाम पेटवून पाहिली. आकडा जागचा हलला नाही. परतीची फेरी धक्क्याला लागली होती. योरुननं ती जाऊ दिली आणि ती चढ चढून सिव्हर्टच्या दारात गेली.

दार बोर्गिलनं उघडलं. सिव्हर्ट स्वयंपाकघरात मासेमारीचे गळ दोरीला बांधत बसला होता. योरुननं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं काही झाकलं नाही. सिव्हर्टची बोटं थांबली नाहीत.

बोलली ती बोर्गिल. "मीसुद्धा विचारलं होतं त्याला," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "एकदाच. पण विचारलं."

सिव्हर्टनं गळ खाली ठेवला. "इथं येऊन सांगतेस होय पोरी? या घरात मला कोणी हसलं नव्हतं."

रविवारी सभागृहात सगळे जमतात, वॅफल खातात, सोडतीची तिकिटं घेतात. योरुन पुढे जाऊन उभी राहिली. "कॅमेरा आपसूक वळत होता," ती म्हणाली. "माझ्या कामात खोट होती. सिव्हर्टनं चित्र जातं म्हणून सांगितलं, तेव्हाच मी तारेला मीटर लावायला हवा होता. त्याऐवजी मी विनोद केला. त्याचा काही दोष नव्हता."

कोणी हसलं नाही. एइलिफ ताटलीतल्या जॅमकडे पाहत राहिला. मालफ्रिद काही बोलायला उठली, तिला रडू कोसळलं, ती पुन्हा खाली बसली. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो सिव्हर्ट आलाच नव्हता. मागच्या बाकावर बोर्गिल मात्र होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, कोटाची बटणं लावली आणि मान ताठ ठेवून ती बाहेर पडली.

एइलिफ किल्ली घेऊन सिव्हर्टच्या घरी गेला, तर त्यानं ती घेतली नाही. वसंतात त्यानं आपली बोट फियोर्डच्या, त्या लांबलचक खाडीच्या, पलीकडच्या बंदरात हलवली. मालफ्रिद आणि बोर्गिल दुकानात बोलू लागल्या, आधी हवापाण्याचं, मग इतरही.

पुढे एकदा योरुनला सिव्हर्ट फेरीवर भेटला. बाकी सगळ्या जागा भरल्या होत्या.

"बसू का?" तिनं विचारलं.

"बस की. फेरी काही माझी नाही."

ती बसली. किनारा येईपर्यंत दोघं पाण्याकडे पाहत राहिले, आणि तिला काही केल्या त्याच्याकडे मान वळवता आली नाही.