परत घेतलेलं विष

सिउनेचा माझ्यावर पहिल्यापासून राग होता, आणि खरं सांगते, मलाही तो डोळ्यांसमोर नको असायचा. माझ्या भावजयीचा हा भाऊ. कुठे कोणी मेलं, कुणाचं डुक्कर आजारी पडलं, की 'हिनेच चेटूक केलं' म्हणत याचं बोट एखाद्या विधवेकडे वळलंच म्हणून समजा. त्या दिवशी इस्पितळाच्या अंगणात ते माझ्याकडे वळलं.

आत खाटेवर माझी भाची बेर्ना पडली होती. पोट फुगून ताठ, उलटी काळी, शौचाला रक्त. त्याच आठवड्यात माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या कुळाने मेजवानी घातली होती, खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर डुकरं भाजली होती. मी माझा वाटा केळीच्या पानात गुंडाळून डोंगर उतरून भावाकडे आणला, चुलीच्या धुरावर टांगला, आणि पोटाकडचा मऊ तुकडा, जो लाडक्या पोरांना देतात, तो रताळ्याबरोबर बेर्नाला भरवला. मांस चार दिवसांचं झालं म्हणून आमच्याकडे कोणी टाकत नाही. आणि दिलेलं नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं.

"सगळ्यांनी खाल्लं!" सिउने ओरडत होता. "मीपण खाल्लं. मग एकटी पोरगीच कशी पडली? हिनेच तिच्या घासात कायतरी घातलं. स्वतःला मूल नाही, दुसऱ्याचं बघवत नाही सटवीला."

"तुझं पोट गटार आहे, सिउने," मी म्हटलं. "त्यात पडलेलं विषसुद्धा गुदमरून मरेल."

अंगणात जमलेले चारचौघे हसले, आणि तो आणखी पेटला. माझा भाऊ कावागे मान खाली घालून बसला होता. त्याची बायको, अंबाने तिचं नाव, दाराला टेकून उभी होती. तेवढ्यात डॉक्टर वागी बाहेर आली. बाई समुद्रकाठची, आवाज हळू, पण मुद्द्याचं बोलणारी.

"विष आहेच," ती म्हणाली. "पण कुणी घातलेलं नाही. जुन्या मांसात जंतू वाढतात, ते पोटात जाऊन विष सोडतात. मांस पचवणारा रस पोटात भरपूर असेल तर तो त्या विषाचाही फडशा पाडतो. पण वर्षभर नुसत्या रताळ्यांवर वाढलेल्या पोराच्या पोटात तो रस मुळात थोडा, आणि रताळ्यातलंच काहीतरी त्या थोड्या रसालाही काम करू देत नाही. मग विष आतड्याच्या अस्तराला खातं. आतडं सुजतं, लाल होतं, रक्त पोचेनासं झालं की काळं पडून सडतं. हिचा एक तुकडा सडलाय. तो आज कापून काढला नाही तर पोरगी जाईल. मला बापाचा होकार हवा."

"नाही!" सिउने मध्ये पडला. "ज्याने विष घातलं त्याने ते आधी परत घ्यायचं. तसंच पोट उघडलं तर पोरगी टेबलावरच मरेल. कावागे, खबरदार हो म्हणालास तर!"

मी भावासमोर जाऊन बसले. "कावागे, माझ्याकडे बघ. मी तिला मारीन असं वाटतं तुला?"

"मला काय कळतंय ताई," तो पुटपुटला. "तो म्हणतो तसं झालं तर?"

"तर तर काय करतोस, मेल्या! आत पोर मरतेय!"

त्याने मान वर केली नाही. आतून बेर्ना कण्हली, मग ते कण्हणंही बारीक होत गेलं. डॉक्टरने दारातून पुन्हा विचारलं, कावागेने सिउनेकडे पाहिलं, आणि सिउने हाताची घडी घालून उभा राहिला. मला त्या क्षणी त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. पण रागाने पोरगी वाचणार नव्हती. त्यांना चेटकीण हवी होती. ती मिळेपर्यंत ते तिला मरू देणार होते.

मी उठले आणि अंगणाच्या मध्यभागी गेले.

"हो," मी मोठ्याने म्हटलं. "मीच केलं. मांसात मीच घातलं."

सिउनेचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं भुंकला, पण खरी चेटकीण बहुतेक पहिल्यांदाच भेटली असावी.

"परत घे," तो शेवटी म्हणाला.

मी कुणाकडून तरी आल्याचा तुकडा मागून घेतला, आमच्यात मंत्राला तोच लागतो, तो चावला, बेर्नाच्या खिडकीकडे तोंड करून काहीबाही पुटपुटले आणि जमिनीवर थुंकले. "घेतलं परत. आतडं सडलंय ते आता डॉक्टरीण काढेल. उघडा तिचं पोट."

कावागे धडपडत उठला आणि आत गेला. खाट हलवल्याचा आवाज मी ऐकला. मग सिउनेने मला तोंडावर मारलं, आणि त्याच्यामागून बाकीच्यांनी. इस्पितळाच्या लोकांनी मला ओढून नेलं म्हणून मी आज बोलतेय. अंबानेने डॉक्टरचा शब्दन् शब्द ऐकला होता. ती दाराला टेकून तशीच उभी राहिली.

बेर्ना वाचली. माझं घर त्यांनी जाळलं, आणि मी शहराच्या कडेला राहायला आले.

पुढे एकदा बाजारात अंबाने शेंगा विकायला बसलेली दिसली, शेजारी बेर्ना. पोरगी उंच झाली होती. मी जवळ गेले तशी ती घाबरली, पण पळाली नाही.

"आत्या, मला मारून का टाकणार होतीस?"

मी अंबानेकडे पाहिलं. ती शेंगांचे वाटे सारखे करत राहिली.

मी खरं बोलले असते तर? पोरगी घरी जाऊन सांगणार, सिउने म्हणणार, कबुली खोटी तर परत घेणंही खोटं, म्हणजे विष अजून पोरीच्या पोटातच आहे. मग पुढच्या वेळी तिचं पोट दुखलं की तिला डॉक्टरकडे नेणार कोण?

"रागात होते गं," मी म्हणाले. "आता नाही."

तिने थोडा विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "पण तू दिलेलं मी खाणार नाही."

"नको खाऊस," मी म्हणाले.