माझा थर हरवला

मी तिळाहूनही लहान, दोन झडपांचं एक कवच बोलतोय. माझ्यात राहणारा जीव केव्हाच गेला. आम्ही निलंग्याकडच्या एका उथळ, गोड्या तळ्यात वाढलो. मग तापलेला लाव्हा आला आणि थंड होऊन काळा खडक झाला. त्यावर पुन्हा तळं साचलं, त्यात दुसरेच जीव नांदले, आणि तेही लाव्ह्याखाली गेले. खडकात पांढऱ्या मातीचे दोन पट्टे उरले. मी खालच्या पट्ट्यातला.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात नागुबाईच्या शेतात विहीर खणली. पहारेनं मला उजेडात आणलं. आमच्याकडं पांढऱ्या मातीनं भिंती सारवतात. नागुबाईनं दोन्ही पट्ट्यांची माती वेचून एकाच ढिगात कालवली. तिला ती सारखीच दिसली.

शेजारची सिंधु नांदेडला खडकांचा अभ्यास करायची. कोणत्या पट्ट्यात कोणते जीव, हे कळलं तर दोन्ही तळ्यांचा काळ तिला लावता येणार होता. ती सुट्टीत आली, तोवर विहीर आतून दगडांनी बांधून झाली होती आणि दोन्ही पट्टे त्यामागं झाकले गेले होते.

"काकू, ही माती वरची का खालची?"

"मातीच हाय की. पायजे तर ने पाटीभर."

"तिचं वय काढायचंय."

"माझंच मला ठाऊक न्हाई, अन् तू मातीचं काढायलीस?" नागुबाई हसली. सिंधु हसली नाही.

कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली मी आणि वरच्या तळ्यातला एकजण शेजारी पडलो होतो. "यातला आधीचा कोणता?" सरांनी विचारलं. सिंधुनं आम्हा दोघांना पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं. मला माहीत होतं, पण मला कोण विचारणार? शेवटी तिनं अभ्यासाला दुसरा विषय घेतला.

काचेच्या पट्टीवर चिकटवून तिनं मला गावी आणलं.

"काय निघालं गं?" नागुबाईनं रिकामी घागर टेकवत विचारलं.

"इथं गोडं तळं होतं, काकू. एक न्हाई, दोन. कवाची, ते सांगता येत न्हाई."

"आधी बोलली असतीस तर येगळी ठिवली असती, बाई."

मी आता सिंधुच्या फडताळात असतो. कुणी खणत असाल, तर मला उचलण्याआधी मी कुठं पडलोय ते पाहून ठेवा. जागा सुटली की माझं वयही सुटतं.

उरलेली माती नागुबाईनं भिंतीला लावली नाही. सिंधुसाठी कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवली आहे. त्या मातीचा आता उपयोग नाही, हे सिंधुनं अजून तिला सांगितलेलं नाही.