काळपट पिल्लू

कोराने ओल्या फडक्याने सापाच्या आणखी एका पिल्लावरचा पातळ पडदा पुसून काढला. फिकट. गुलाबीसर पाठ, नक्षीत काळं असं काही नाही.

"हेही फिकटच," भिंतीला टेकलेला व्हर्लन म्हणाला.

ती उठली, हीटरचा काटा पाहिला, परत बसली, परत उठली.

"बस की गं पोरी. तू काय बाळंत होतेयस?"

तुल्सा शहरातल्या सापांच्या प्रदर्शनात याच माणसाने सगळ्यांदेखत कोराच्या बाबांना, अर्लला, खोटारडं म्हटलं होतं. आपल्या बोआ जातीच्या नर सापाला फिकटपणा आई-बाप दोघांकडून आला आहे, असं बाबा छातीठोक सांगत. तसं असेल तर काळपट मादीपासूनही त्याचं प्रत्येक पिल्लू फिकट व्हायला हवं. एक जरी काळपट निघालं, तरी दावा खोटा. नराच्या पेटीवर चिकटपट्टी लावून त्यांनी लिहिलं होतं : 'दुहेरी'. आजारी पडण्याआधी त्यांनीच जोडी लावली. वसंतात ते गेले. आज कोराने व्हर्लनला मुद्दाम बोलावलं होतं.

"कॉफी आहे आत," ती म्हणाली.

"अर्लच्या घरची? म्हणजे डांबरच."

तो आत गेला आणि शेवटचं पिल्लू बाहेर आलं. पाठीवर आईसारखेच गडद तपकिरी पट्टे. कोराचा तळवा आपोआप त्यावर गेला. पिल्लाने तिच्या बोटाला विळखा घातला. बुटांचा आवाज जवळ आला.

तिने हात उचलला.

व्हर्लनने कप खाली ठेवला. बराच वेळ वाकून पाहिलं.

"हिवाळ्यात अर्ल हॉस्पिटलात होता ना, तेव्हा ही मादी माझ्याकडे होती," तो म्हणाला. "माझा काळपट नर शेजारीच. त्या पेटीचं झाकण नीट बसत नाही. एका वेतात दोन बापांची पिल्लं निघतात कधीकधी."

त्याने डोक्यावरची टोपी काढून पिल्लू अलगद तिच्यात ठेवलं.

"माझ्याच नराचं आहे. मी नेतो."

तो दारापर्यंत पोचला.

"व्हर्लन, सबंध हिवाळा या मादीला मीच खायला घालत होते. याच खोलीत."

"ठाऊक आहे मला." त्याने टोपी छातीशी धरली. "नराच्या पेटीवरचं 'दुहेरी' तेवढं काढ. विकताना ते नको."

ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. कोराने चिकटपट्टीच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि अगदी सावकाश ओढू लागली. बाबांचं अक्षर अख्खं निघायला हवं होतं.