तहानलेली नाव

नाव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो, शिडं येतात, मासळी येते. मित्रांनो, मी समुद्र जन्मात पाहिला नाही. मी मेहकर तालुक्यातली, पैनगंगेवरची साधी जुनी लाकडी नाव. वर्षातले चार महिने काम आणि आठ महिने आराम, कारण उन्हाळ्यात आमच्या नदीतून शेळीसुद्धा गुडघे न भिजवता पलीकडे जाते. पण म्हणून मला कमी समजू नका हं! मी एका जागी राहून चार राज्यं पाहिली आहेत. जन्मले तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, मग मध्यप्रदेश झाला, मग मुंबई राज्य, आणि मग महाराष्ट्र. माणसं नकाशे बदलत राहिली आणि मी आपली बोरखुटीच्या काठावरून सावरटेकच्या काठावर, आणि तिकडून परत इकडे.

मला शेषराव नावाड्याच्या वडिलांनी घडवलं. फळ्या सागाच्या, आतल्या फासळ्या बाभळीच्या. वडील गेल्यावर वल्हं शेषरावांच्या हाती आलं. काय काय वाहिलं म्हणून सांगू! कांद्याची पोती, वांग्यांचे हारे, नवरदेवाचं वऱ्हाड, एकदा तर एक रुसलेला रेडा. पण मला सगळ्यात आवडायच्या त्या श्रावणात माहेरी निघालेल्या लेकी. काठ सुटला की त्या डोक्यावरचा पदर खाली घ्यायच्या आणि मोठ्यानं हसायच्या. त्यांच्या सासरी तसं हसायची सोय नव्हती.

मग शेषरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांना मूलबाळ नव्हतं, वल्हं घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मला काठावरच्या बाभळीखाली पालथी न घालता तशीच उघडी सोडून दिली. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. वऱ्हाडातलं ऊन म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्यांनी विचारू नये. माझ्या फळ्या सुकल्या, आक्रसल्या आणि दोन फळ्यांमधून उजेड दिसू लागला. कोणी माझ्यात गोवऱ्या रचल्या. कोंबड्यांनी अंडी घातली. पोरं माझ्यात बसून एस.टी. एस.टी. खेळायची आणि ‘मेहकर, मेहकर, मेहकर!’ म्हणून ओरडायची. मला त्याचाही राग यायचा नाही. निदान कोणीतरी बसत होतं.

नाव बंद पडली, तिची किंमत मोजली पुष्पानं. पुष्पा ही बोरखुटीच्या रंगराव सुतारांची एकुलती एक लेक. सासर पलीकडे, सावरटेकला. पहिल्या खेपेला तिला भादव्यात आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. सुईण राहायची अलीकडे, बोरखुटीत. नदी दोन्ही काठ भरून चाललेली. लांबच्या पुलावरून यायचं तर काळ्या चिखलात गाडीची चाकं आसापर्यंत रुतत. पुष्पाची सासू आशाबाई पलीकडच्या काठावरून सुईणीला हाका मारत होती आणि सुईण अलीकडे हात चोळत उभी होती. ते बाळ गेलं. मी बाभळीखालून सगळं ऐकत होते. मित्रांनो, कामाची वस्तू असून कामाच्या वेळी नुसतं पडून राहणं, याच्याएवढं दुःख नाही.

पुढच्या वर्षी पुष्पाला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरल्याशिवाय सून माहेरी पाठवायची नाही, अशी आशाबाईंच्या घरची रीत. सातवा लागत होता श्रावणात, म्हणजे नदी पुन्हा भरलेली. पुष्पाची आई सरस्वतीबाई नवऱ्याला एकच वाक्य बोलली, “यंदा माही लेक माह्याजवळ पाह्यजे. कशी आणता ते तुमी पाहा.”

रंगरावांनी वैशाखात मला बैलगाडीवर लादून घरी नेलं. आता रंगराव म्हणजे कोण? गाडीचं चाक करावं तर त्यांनीच. धाडच्या बाजारापर्यंत त्यांच्या चाकांचं नाव. चाकात फट राहिली म्हणजे सुताराची अब्रू गेली, असं ते मानायचे. लोक म्हणाले, “शेषरावले इचारून घ्या.” रंगराव म्हणाले, “त्याले दिसत नाही, तो काय सांगते? लाकूड मले समजते.”

कामाला मात्र माणूस वाघ. माझं जुनं डांबर खरवडलं, कुजलेल्या दोन फळ्या काढल्या आणि दारासाठी राखून ठेवलेला साग माझ्या अंगाला लावला. इथपर्यंत सगळं झकास. मग त्यांना माझ्या फटी दिसल्या. प्रत्येक फटीत त्यांनी सागाच्या चिपा घालून हातोडीनं अशा ठोकल्या, की सुईलाही शिरायला जागा राहिली नाही. तेवढ्यानं समाधान होईना. चाकावर लोखंडी धाव चढवतात ना, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून? तशा तीन पट्ट्या तापवून माझ्या पोटाखालून घेतल्या, वरच्या काठांना खिळ्यांनी जखडल्या आणि वरून पाणी ओतलं. लोखंड आवळलं आणि माझा श्वासच कोंडला. मला ओरडावंसं वाटत होतं, ‘अहो रंगराव, लाकूड पाणी प्यालं की फुगतं! फुगायला जागा कुठे ठेवली?’ पण मला तोंड कुठे? वरून निळा रंग फासला. सगळा गाव बघायला आला आणि मी नटलेली बाहुली होऊन गुदमरत उभी राहिले.

आषाढात नदीला पाणी आलं. नारळ फुटला, मी पाण्यात उतरले. दोन्ही काठांवर माणसं जमली होती. एक थेंब आत आला नाही. रंगरावांनी मिशीवर हात फिरवला आणि मला काठाला बांधून ठेवलं. मी दोन दिवस पाणी पीत राहिले, फुगत राहिले. लोखंड काही केल्या सरकेना. तिसऱ्या दिवशी भर दुपारी लोकांसमोर माझी मधली फळी फटाक्यासारखा आवाज करून फुटली आणि मी कंबरभर पाण्यात बसले. पलीकडे आशाबाई उभ्याच होत्या. त्यांचा आवाज नदी ओलांडून आला, “ह्या फुटक्या नावेत माही सून पाय ठेवणार नाही! सांगून ठेवते!”

रंगराव घरी गेले आणि पाच दिवस त्यांनी लाकूड तासायचा वाकस हातात धरला नाही. जेवायला बसायचे आणि उठायचे. सहाव्या दिवशी सरस्वतीबाईंनी ताट पुढे ठेवलं आणि विचारलं, “शेषरावभाऊले काऊन नाही इचारलं?”

“आंधळ्याले काय इचारू?”

“तुमचे डोये तं शाबूत हायेत ना? तुमी काय दिवे लावले?”

रंगराव ताटावरून उठले, ते थेट शेषरावांच्या दारात गेले.

मला तोवर काठावर ओढून ठेवलं होतं. शेषराव काठी टेकत आले. किती दिवसांनी तो हात माझ्या अंगावरून फिरला! वरच्या काठावरून, फासळ्यांवरून, फुटलेल्या फळीवरून. पट्टीशी येऊन हात थांबला.

“रंगराव, हे काय व्हय?”

“धाव हाय, भाऊ. मजबुतीसाठी.”

“चाक समजला का तू तिले?” शेषराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “चाकाले आवळा लागते. नावेले जागा द्या लागते. दोन फळ्यांत ज्वारीचा दाना राहीन एवढी फट सोड. त्यात कापसाचा पेळू राळेत भिजवून बोटानं बसव, हातोडी लावू नको. वरतून जवसाचं तेल पाज. अन् मंग आठ दिवस गोटे भरून डोहात बुडवून ठेव.”

“तरंगवायची नाव बुडवून ठेवू?”

“हाव. तहानलेली हाय ते. तिचं पोट भरलं का आपल्या फटी आपणच बुजवते. माह्या बापानं मले हेच सांगतलं होतं.”

रंगरावांनी स्वतःच्या हातानं पट्ट्या तोडल्या. मित्रांनो, एवढ्या नावाजलेल्या कारागिरानं आपलंच काम मोडायचं, हे सोपं नसतं. पण त्यांनी तोडल्या. ठोकलेल्या चिपा काढल्या, निळा रंग खरवडला, नवी फळी बसवली. कापूस सरस्वतीबाईंनी पिंजला. आयुष्यभर देवासाठी वाती वळलेले हात ते. बोटभर जाड, हातभर लांब असे पेळू त्यांनी मांडीवर वळले आणि राळेच्या कढईत बुडवून त्या एकेक देत गेल्या. शेषराव बाजूला बसून फटीवर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “इथं ढिल्लं. इथं जास्त झालं, काढ.” जवसाचं तेल अंगात मुरलं, तेव्हा मला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल. पण मरायला सवड कोणाला होती? तेल वाळल्यावर गोटे भरून मला डोहात बुडवलं. आठ दिवस मी पाणी प्याले. फळीनं फळीला अलगद खांदा लावला.

तिकडे श्रावणातल्या शुक्रवारी, जिवतीच्या पूजेच्या दिवशी, पुष्पाची ओटी भरली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला डोहातून वर काढलं. पण मला नेणार कोण? नदीची चाल फक्त शेषरावांना ठाऊक, आणि त्यांना दिसेना. रंगरावांच्या हाती बांबू, पण पाण्याची अक्कल शून्य.

“मले कोनी डोये द्या,” शेषराव म्हणाले.

सरस्वतीबाई पुढे झाल्या. या बाईनं भरल्या नदीकडे कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. पदर खोचला, डोळे मिटून माझ्यात पाय ठेवला आणि पुढे बसल्यावर डोळे उघडले. “चला. काय पाह्यचं ते सांगा.”

“पलीकडची मोठी चिंच कुठं हाय?”

“नाकासमोर. आता डावीकडे सरकून राह्यली.”

शेषरावांनी वल्हं दाबलं. एक हात पाण्यात सोडून ते धार तपासत होते. मध्यावर एक आख्खं बाभळीचं झाड वाहत आलं. सरस्वतीबाई किंचाळल्या, “झाड! उजवीकून झाड!” रंगरावांनी बांबू रोवला, तरी खोड माझ्या कुशीला धडकलं. कुशीतली फळी आत दबली, कुरकुरली आणि पुन्हा जागेवर आली. फुटली नाही. शेषरावांनी काठावर थाप मारली, “शाबास वं माय!” एवढं कौतुक माझं आयुष्यात कोणी केलं नव्हतं.

सावरटेकच्या काठावर आशाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मागे पुष्पा. आशाबाईंनी माझ्यात कोण बसलंय ते पाहिलं आणि त्यांचे हात खाली आले.

“विहीनबाई? तुमी स्वतः?”

“हाव,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “माह्या लेकीले न्याले आली. बुडाली असती तं आधी मी बुडाली असती.”

आशाबाई वाकल्या. माझ्या तळावर त्यांनी पंजा ठेवला, फासळ्यांखालीही बोटं घालून पाहिली आणि तो पंजा आपल्या लुगड्याला लावला. लुगडं भिजलं नाही.

“कोरडी हाय,” त्या म्हणाल्या, आणि एकदम रडू लागल्या. “गेल्या साली मी ह्याच काठावर उभी होती, विहीनबाई. मले वाईट म्हनू नका. मले पान्याचं भेव वाटते.”

“मलेही वाटते,” सरस्वतीबाई म्हणाल्या.

“मंग सरका थोड्या. मी बी येते.”

आणि आल्या! पुष्पा मधे, दोघी विहिणी दोन बाजूंना, आणि दोघींनी तिचे हात असे धरले की पोरीच्या बांगड्या मनगटात रुतल्या. काठ सुटला. मी वाट पाहत होते. नदीच्या मध्यावर पुष्पानं, चक्क सासूच्या शेजारी बसून, पदर खाली घेतला आणि ती हसली.

पुष्पाला नऊ महिने पुरे भरून, दिवाळीच्या तोंडावर, सुईणीच्या हाती मुलगी झाली. शेषरावांनी तिच्या तोंडावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, “नाक आजीचं हाय.” तिचं नाव शरयू ठेवलं. त्यापुढचे पाच पावसाळे रंगरावांनी मला चालवलं. दरवर्षी न चुकता आधी बुडवलं, मगच तरंगवलं. मग गावाजवळच पूल झाला. आता मी त्यांच्या गोठ्याच्या छपराखाली आहे. ते अधूनमधून मला ओलं पोतं पांघरवतात, जवसाचं तेल लावतात. माझी तक्रार नाही. पुलानं कोणाचं वाईट केलेलं नाही.

फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या गावात एखादी जुनी नाव, घाणा, मोट, चरखा पडलेला दिसला, तर रंगाचा डबा घेऊन धावू नका. आधी ती वस्तू ज्यानं वापरली ते माणूस शोधा. त्याला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, तरी त्याच्याजवळ बसा आणि विचारा. शेषराव त्याच वर्षी कार्तिकात गेले. रंगराव आणखी एक पावसाळा आपल्या ऐटीत राहिले असते, तर मला आधी पाणी पाजायचं असतं हे सांगणारं कोणी उरलं नसतं, आणि सावरटेकच्या शाळेत आज चौथीच्या वर्गात एक पोर कमी असती.